रुमाल आणि नमस्कार : सातवीच्या एका क्षेत्रभेटीचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. खाली लिहिलंय ते माझ्याच वर्गात घडलं. गावाचं नाव, साल आणि मुलांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत किंवा बदलले आहेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत. दुसऱ्या शिक्षकांच्या कामाला त्याच येतील.

पार्श्वभूमी

सातवीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक म्हणजे संविधानाचीच ओळख आहे. उद्देशिका, संविधानाची वैशिष्ट्यं, मूलभूत हक्क, कर्तव्यं. धर्मस्वातंत्र्याचा हक्क त्यातच येतो. वर्षानुवर्षं मी तो फळ्यावर शिकवला आणि मुलांनी 'धर्मनिरपेक्ष म्हणजे सर्व धर्म समान' एवढं लिहून गुण घेतले.

एका सकाळी परिपाठ संपवून वर्गात आलो आणि मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, विश्वास आणि श्रद्धा वेगवेगळं का लिहिलंय? आणि उपासना म्हणजे उपास का?" उद्देशिकेत 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' असं आहे. मुलं ते रोज एका सुरात म्हणतात. त्या पाच शब्दांतला एकही शब्द आम्ही कधी उलगडून पाहिला नव्हता, हे मला त्या क्षणी लागलं.

वर्गात बहुतेक मुलं हिंदू घरांतली. पाच-सहा बौद्ध, चार मुसलमान, दोन जैन, एक ख्रिस्ती. एकमेकांच्या डब्यातलं खातात, एकाच मैदानावर कबड्डी खेळतात. पण शेजारच्या मुलाच्या घरी सकाळी काय म्हणतात हे कुणाला ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक असतं त्याला ते मोबाइलवर आलेल्या चित्रफितींतून कळलेलं असतं, आणि ते काय असतं हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

म्हणून क्षेत्रभेट ठरवली. गावातलं महादेवाचं मंदिर, दर्गा, बुद्धविहार आणि चर्च. चारही ठिकाणं चालत जाण्याजोगी. मुख्याध्यापक सरांनी परवानगी दिली. पालकांना चिठ्ठी गेली : 'दि. अमुक रोजी परिसर भेट आहे. डबा व पाण्याची बाटली द्यावी.' ही चिठ्ठी मीच लिहिली होती. पुढचं सगळं या दोन वाक्यांपासून सुरू होतं.

भेटीचा दिवस

मंदिरात गुरवांनी दीपमाळेची माहिती छान सांगितली. मुलांनी घंटा वाजवली, कपाळाला भस्म लावून घेतलं. एक मुलगा सभामंडपातल्या खांबाला टेकून उभा होता. मी जाता जाता म्हटलं, "अरे, हात जोड की." त्याने जोडले. आम्ही पुढे गेलो.

दर्ग्यात मुजावरांनी मुलांना डोक्यावर रुमाल घ्यायला सांगितलं, मोरचेल, म्हणजे मोरपिसांचा कुंचा, प्रत्येकाच्या डोक्यावरून फिरवलं आणि साखरफुटाणे दिले. मुलं खूश होती. मी वर्गातल्या एका मुसलमान मुलीला पुढे करून म्हटलं, "तू सांग गं सगळ्यांना, इथे काय करतात ते." ती गप्प. खूप आग्रह केल्यावर म्हणाली, "आमच्या घरचे दर्ग्यात येत नाहीत, मॅडम. अब्बांना पटत नाही." मला हे माहीत नव्हतं. मुसलमान म्हणजे दर्गा, असं मी धरून चालले होते.

विहारात आम्ही जेमतेम वीस मिनिटं थांबलो. चर्चला पोचेपर्यंत मुलं दमली होती आणि डब्यांचा वास सुटला होता. तिथल्या फादरनी काय सांगितलं ते कुणाला आठवत नाही, मलाही नाही.

सोबत आलेल्या क्रीडाशिक्षकांनी दिवसभर फोटो काढले आणि संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले.

काय बिनसलं

रात्री नऊच्या सुमारास दर्ग्यातला एक फोटो गटाबाहेर गेला. डोक्यावर रुमाल घेतलेली बारा-तेरा वर्षांची मुलं आणि वर मजकूर, 'पालकांनो जागे व्हा'. देवळातले, विहारातले, चर्चमधले फोटो कुणी पुढे पाठवले नाहीत.

सकाळी फाटकाशी वीस-पंचवीस माणसं होती. त्यातली निम्मी पालक होती, बाकीच्यांची मुलं आमच्या शाळेत नव्हती. निवेदनात लिहिलं होतं की मुलांकडून धार्मिक विधी करवून घेतले. दुपारी संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. दोन दिवसांनी शिक्षण विभागाच्या कार्यालयातून खुलासा मागवणारं पत्र आलं. वर्गातल्या चार मुसलमान मुलांपैकी दोघं त्या आठवड्यात शाळेतच आली नाहीत.

समोरचे पर्याय

शिक्षक खोलीत तीन मतं होती आणि तिन्ही मांडणारी माणसं चांगली होती.

संस्थेचं म्हणणं सरळ होतं. माफीपत्र द्या, उपक्रम बंद करा, विषय मिटवा. दहावीचं वर्ष तोंडावर आहे, पटसंख्या टिकवायची आहे. यातली भीती खोटी नव्हती. पण असं मिटवलं असतं तर 'दर्ग्यात जाणं हाच गुन्हा' असा कबुलीजबाब शाळेने दिला असता, आणि गैरहजर राहिलेल्या त्या दोन मुलांना त्यातून काय कळलं असतं ते उघड आहे.

गणिताचे सर उलट टोकाला. "कायदा आपल्या बाजूने आहे, खुलाशात तेवढं लिहा आणि गप्प बसा." त्यांचं अर्धं बरोबर होतं. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक आहे, आणि तो कोठारी आयोगानेही (१९६४-६६) केला होता. गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबातल्या एका महाविद्यालयाच्या प्रकरणात म्हटलं. पुढे २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात, शाळेत सर्व धर्मांची माहिती देण्याला अनुच्छेद २८ आड येत नाही, असा निकाल दिला.

मी त्या रात्री अनुच्छेद पुन्हा उघडला. त्याचं तिसरं कलम मी आजवर मुलांना शिकवलंच नव्हतं. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही, त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आम्ही अनुदानित. माहिती सांगण्यापर्यंत आम्ही कायद्यात होतो. भस्म, मोरचेल, जोडलेले हात या ठिकाणी ती रेघ ओलांडली गेली होती. निवेदन देणाऱ्यांचा हेतू मला आवडला नव्हता, त्यांच्या आरोपातला एक शब्द मात्र खरा होता.

तिसरा पर्याय मराठीच्या मॅडमनी सुचवला. बाहेर जायला नको, वर्गातच तक्ते लावा, चार धर्मांची चार चिन्हं, खाली 'सर्व धर्मांची शिकवण एकच'. सुरक्षित होता. मला तो सगळ्यात जास्त खटकला. 'सगळे एकच सांगतात' म्हटलं की विचारायला काही उरत नाही. मग डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह धर्म का बदलला? १९३० मध्ये दलितांना प्रवेश मिळावा म्हणून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह का करावा लागला? १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजी उपाशी का बसले? हे प्रश्न तक्त्यावर मावत नाहीत. इतिहासाच्या तासाला मात्र ते समोर येतातच.

मुख्याध्यापक सरांनी चौथी वाट काढली. आधी पालकांना बोलवायचं, नेमकं काय चुकलं ते स्वतःहून सांगायचं, आणि उपक्रम सुरू ठेवायचा की नाही हे त्यांच्यासमोर ठरवायचं. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं राहिली होती. हा निर्णय त्यांना सोपा नव्हता.

पालक सभा

शनिवारी शाळा सुटल्यावर सभा झाली. फक्त या वर्गाचे पालक, बाहेरचं कुणी नाही, ही अट सरांनी फाटकावर उभं राहून पाळली.

मी सुरुवातीला तीच चिठ्ठी वाचून दाखवली. डबा व पाण्याची बाटली द्यावी. मग म्हटलं, "कुठे नेणार ते मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. ही माझी चूक आहे." खोलीतला ताण तिथेच थोडा सैलावला, असं मला वाटलं. तरी एक शेतकरी पालक उठले. चिडलेले होते. त्यांना मध्येच थांबवून वर्गातल्या एका मुलाची आई म्हणाली, "दादा, उरसाला तुम्ही सगळे येता. तुमची पोरं आमच्या दारातनं पाळण्याकडं पळतात. मग परवाच काय झालं?"

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ताई, उरसाला मी नेतो. शाळेनं न्यायचं तर मला विचारून न्यायचं. एवढंच."

त्या सभेतलं हे एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. त्यांचा राग दर्ग्यावर नव्हताच, निदान पूर्ण नव्हता. त्यांना न विचारणं हा अपमान होता. आणि संमती विचारायची तर ती सगळ्याच ठिकाणांसाठी विचारायला हवी, हे पुढे आपोआप आलं. सभेने ठरवलं ते असं : भेटी चालू राहतील, ठिकाणाचं नाव आणि तिथे काय होईल हे आधी लेखी कळवलं जाईल, ज्याला नको त्याने 'नाही' लिहावं, कारण विचारलं जाणार नाही, आणि मुलांचे फोटो गटावर जाणार नाहीत. चार पालकांनी तरीही सही केली नाही.

वर्गात

पालकांचं झालं. ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सोमवारी मी खडूच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून ते टेबलावर ठेवलं. नाव न घालता काहीही लिहा म्हटलं.

चिठ्ठ्या पुष्कळ आल्या. 'दर्ग्यात मुलींना आत का सोडले नाही?' 'भस्म लावले तर तो अभ्यास की पूजा?' 'जो देव मानत नाही त्याने भेटीला यायचे का?' ही शेवटची चिठ्ठी कुणाची ते मला आजही कळलेलं नाही.

मग पुढच्या भेटीचे नियम मुलांनी करायचे ठरवले. चप्पल बाहेर काढायची, यावर पटकन एकमत झालं. डोकं झाकण्यावर अर्धा तास गेला. एक मुलगी म्हणाली, "चप्पल काढणं आणि डोकं झाकणं सारखंच. ते त्या घराचे नियम. हात जोडणं वेगळं." त्यावर दुसरी, "मी माझ्या आजीलाही हात जोडते. ती काय देव आहे?" मला दोघींचंही उत्तर देता आलं नाही, आणि मी दिलंही नाही.

शेवटी कुणीतरी म्हणालं, मतदान घेऊ. मी घेतलं. मोठ्या बहुमताने ठरलं की प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी हात जोडायचे, मान म्हणून.

खोक्यात एक चिठ्ठी राहिली होती. घडी उलगडून मी ती मोठ्याने वाचली : 'मला देवळात हात जोडायला लावले. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा म्हणतात. मी घरी सांगितले नाही.'

बौद्ध धर्म घेताना डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच आहे की ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही. मुलगा महादेवाच्या देवळात उभा होता. देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक महाराष्ट्रात राहतात, २०११ च्या जनगणनेत ती संख्या ६५ लाखांवर आहे. म्हणजे हा प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही वर्गात, कुठल्याही सहलीत घडू शकतो, आणि घडत असणारच. आमच्या दाराशी वीस माणसं आली ती रुमालासाठी. नमस्कारासाठी एकही आलं नाही. मी स्वतः हिंदू घरात वाढले. दर्ग्यातल्या रुमालाचा विचार मी भेटीआधी तरी एकदा केला होता. 'हात जोड की' म्हणताना माझ्या मनात काहीच आलं नव्हतं.

वर्ग शांत होता. मी मतदानाचा आकडा फळ्यावर तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी केरळातल्या तीन भावंडांची गोष्ट सांगितली. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की आदराने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने त्यांना काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहणं पुरेसं आहे, गायलाच पाहिजे अशी सक्ती त्यांच्या हक्काविरुद्ध आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आमच्या मुलांना आधी हे पटेना. "राष्ट्रगीत तर म्हणायलाच पाहिजे ना?" यावर तासभर वाद झाला. मी मध्ये पडले नाही.

वादाच्या शेवटी आजीवाली मुलगी उठली आणि म्हणाली, "मग आपण काल मत घ्यायला नको होतं." मी विचारलं, का? "कारण हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं नाहीये. ज्याचं त्याने ठरवायचंय." कालचा आकडा तिनेच पुसला. बहुमताने काय ठरवता येतं आणि काय नाही, हा धडा माझ्या पुस्तकात नाही. मी तो बारा वर्षांच्या मुलीकडून ऐकला.

नियम शेवटी एवढाच झाला : बघायचं, ऐकायचं, विचारायचं. करायचं की नाही ते ज्याचं त्याने, आणि कुणी कुणाला सांगायचं नाही, शिक्षकांनीसुद्धा.

परिणाम

पुढच्या सत्रात दोनच ठिकाणी गेलो, वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक ठिकाणी दीड तास. मी आधी एकटी जाऊन यजमानांना भेटले. मुजावर लगेच समजले. गुरवांना वाईट वाटलं. "पोरांच्या हातावर प्रसाद ठेवायचा नाही म्हणता?" बऱ्याच बोलण्यानंतर प्रसादाचं ताट दाराशी ठेवायचं ठरलं, ज्याला हवा त्याने जाताना घ्यावा. त्यांचं मन पूर्ण राखलं गेलं असं मी म्हणणार नाही.

तो मुलगा याही वेळी खांबाशीच उभा राहिला. वहीत दीपमाळेचं चित्र काढत होता. प्रश्नांची वेळ आली तेव्हा त्याने हात वर केला. "गाभाऱ्यात कोण जाऊ शकतं?"

गुरव थोडे थांबले. "आता सगळे जातात," ते म्हणाले. त्याने लिहून घेतलं. मी मागून पाहिलं, वहीत 'आता' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. शाळेत परत आल्यावर त्याच रेघांपासून तास सुरू केला आणि काळारामाचा सत्याग्रह शिकवला.

गैरहजर राहिलेली दोन्ही मुलं परत आली, त्यातला एक दुसऱ्या सत्रानंतर उर्दू शाळेत गेला. त्याच्या वडिलांनी कारण सांगितलं नाही. शिक्षण विभागाला आमचा खुलासा मान्य झाला.

पुन्हा करायचं झालं तर

चिठ्ठी आणि फोटो, हे उघडच आहे. एका दिवसात चार ठिकाणं हीही हाव होती.

मला जास्त सलतं ते वेगळं. ती चिठ्ठी मी मोठ्याने वाचायला नको होती. नाव नव्हतं, पण वर्गात बावीस प्रतिज्ञा म्हणणारी घरं कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं. आणि खांबाशी कोण उभं होतं हे निदान चार जणांनी पाहिलं होतं. आधी चिठ्ठ्या एकटीने वाचायच्या, मग काय वर्गात न्यायचं ते ठरवायचं, हे आता मी कटाक्षाने पाळते. नंतर व्हरांड्यात मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "चालतंय मॅडम," आणि पळाला. इतक्या लगेच चालायला नको होतं.

दुसरं, एखाद्या मुलाला त्याच्या धर्माचा प्रवक्ता करायचं नाही. 'तू सांग गं' हे मी तिच्यावर टाकलेलं ओझं होतं. तिच्या घरी दर्गा मानत नाहीत, शेजारच्या गल्लीत मानतात. एकाच धर्मातली ही दोन घरंच खरं तर शिकवण्याजोगी होती, पण तिला उभं न करता. जोतिराव फुल्यांनी तर एकाच कुटुंबात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, म्हणजे फुल्यांनीच मांडलेल्या सार्वजनिक सत्यधर्माचा, आणि कुणी कुणाचा द्वेष करत नाही, असं घर कल्पिलं होतं. मुलांना मी हल्ली ते सांगते. ऐकून पहिला प्रश्न नेहमी एकच येतो, "मग त्यांच्या घरी सण कुठला?"

शाळेतल्या रोजच्या गोष्टी अजून बाकी आहेत. आपल्याकडे सरस्वतीपूजन होतं, सत्यनारायण होतो, नारळ फुटतो. क्षेत्रभेटीला जी चिठ्ठी लागते ती याला का लागत नाही, असं मी शिक्षक सभेत विचारलं. विषय पुढच्या बैठकीवर गेला. मी तो पुन्हा मांडणार आहे.

आणि 'नाही' लिहिणाऱ्या मुलांचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. गेल्या वेळी ती वाचनालयात बसली आणि भेटीहून आलेल्या मुलांकडे बघत राहिली. नको म्हणण्याचा हक्क दिला आणि वर शिक्षाही दिली, असं झालं. यंदा दोन चिठ्ठ्या 'नाही' म्हणून आल्या आहेत. त्या दोघांनी आपल्याच घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून गावातली एक जत्रा, उरूस किंवा सण पूर्वी कसा व्हायचा ते लिहून आणायचं आणि भेटीनंतरच्या तासाला तेच आधी वाचायचं, असं ठरवते आहे. त्यातल्या एकाच्या आजोबांना आधी मी जाऊन भेटणार आहे. भेट पुढच्या बुधवारी आहे.